विमानतळावर नव्याने कामाला लागताय? आग आणि घातक मालाचे नियम असे शिका

रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या आवारात), कार्गोत, चेक-इन काउंटरवर किंवा टर्मिनलमधल्या एखाद्या दुकानात नोकरी लागली की पहिल्या काही दिवसांत ट्रेनिंगचा मारा होतो. एव्हसेक (विमान वाहतूक सुरक्षा), रॅम्प सेफ्टी, डीजी (घातक माल), फायर. स्लाइडमागून स्लाइड सरकते, शेवटी परीक्षा होते, पासही होता. पण प्रत्यक्ष बेवर, म्हणजे एकेक विमान थांबतं त्या जागेवर, उभं राहिल्यावर यातलं काय कधी वापरायचं, हे कोडं उरतंच. हा लेख त्या कोड्यासाठी आहे.

मुंबई असो, पुणे, नागपूर किंवा मोपा, नियमांचा गाभा सगळीकडे सारखाच. घातक मालाचे नियम आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अठराव्या परिशिष्टातून येतात. भारतात त्यासाठी २००३ साली वेगळे नियम झाले आणि देखरेख डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. अंतरं, फोन नंबर, परवानग्यांची पद्धत मात्र प्रत्येक विमानतळाची आपापली असते. ती तिथल्या ब्रीफिंगमध्येच विचारून घ्यायची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लेबल लावलेला डीजी माल सहसा त्रास देत नाही. त्याच्यामागे कागद असतात, शिकलेली माणसं असतात, तो कुठे ठेवला हे पायलटलाही ठाऊक असतं. त्रास देतो तो कुणीच न सांगितलेला माल आणि "थोडंसंच सांडलंय" म्हणून कुणीच न कळवलेलं इंधन.

पहिला दिवस: खिसा, बूट आणि फोन नंबर

एईपी, म्हणजे विमानतळात शिरायचा पास, गळ्यात आला की गेटवर सीआयएसएफची झडती रोजचीच. काडेपेटी आणि लायटर आत नेता येत नाहीत. ई-सिगारेट तर २०१९ च्या कायद्याने देशभरच बंद आहे. सिगारेटची तलफ असणाऱ्यांनी लायटर गाडीच्या डिकीत ठेवून यावं. एअरसाइडला, म्हणजे तपासणीच्या आत विमानांच्या बाजूला, बसच्या मागे, जीपीयूच्या (विमानाला वीज देणाऱ्या यंत्राच्या) आडोशाला, रात्रपाळीत बॅगेज बेल्टच्या कोपऱ्यात, कुठेही झुरका चालत नाही. पास जाईल ही त्यातली सगळ्यात छोटी शिक्षा.

बूट कंपनीने दिलेलेच घाला. तळाला लोखंडी नाल किंवा उघडा खिळा असलेला बूट काँक्रीटवर घासला की ठिणगी उडते.

मग पहिल्याच शिफ्टला आपल्या बेवर एक चक्कर मारा आणि चार गोष्टी डोळ्यांनी बघून ठेवा: अग्निशामक कुठे आहे, इंधन तोडायचं इमर्जन्सी बटण कुठे आहे, जवळचा फोन कुठे आहे आणि पळायचं झालं तर कुठल्या दिशेने. नकाशात पाहिलेलं पुरत नाही. रात्री, पावसात, इंजिनांच्या आवाजात हात आपसूक तिथे जायला हवा.

विमानतळाच्या फायर कंट्रोलचा नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण ओळखपत्राच्या मागेही लिहून ठेवा. घाबरलेला माणूस सवयीने १०१ लावतो. ती गाडी शहरातून निघते आणि गेटपर्यंत येते. विमानतळाचं स्वतःचं अग्निशमन दल आतच बसलेलं असतं आणि आयकाओच्या निकषानुसार त्यांची पहिली गाडी वापरातल्या धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचली पाहिजे. फोनवर सांगायचं ते इतकंच: बे नंबर, विमानाचा फ्लाइट नंबर किंवा रजिस्ट्रेशन, काय जळतंय किंवा सांडलंय, आत माणसं आहेत का. "तिकडे त्या निळ्या शेपटीच्या विमानापाशी" असं सांगून भागत नाही.

इंधन भरताना

नवीन मुलांच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

एटीएफ, म्हणजे जेट ए-१, हे मुळात रॉकेलच, फक्त काटेकोर मापात शुद्ध केलेलं. त्यामुळे "त्यात पेटती काडी टाकली तरी विझते" असले किस्से रॅम्पवर हमखास ऐकायला मिळतात. ऐका आणि सोडून द्या. जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सियस असतो, म्हणजे त्या तापमानाच्या वर त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. मे महिन्यात नागपूरला सावलीतला पारा याच्या पुढे जातो, मग दुपारी दोन वाजता तापलेल्या काँक्रीटचं काय बोलायचं. शिवाय तेच इंधन फवाऱ्यासारखं उडालं किंवा कापडात मुरलं तर थंडीतही सहज पेटतं.

इंधन दोन प्रकारे भरतात. लहान विमानतळांवर बहुधा टँकर येतो, त्याला सगळे बाउझरच म्हणतात. मोठ्या विमानतळांवर काँक्रीटखालून पाइपलाइन असते. बेवरच्या झाकणाखालच्या हायड्रंट पिटला डिस्पेन्सरची गाडी जोडली जाते. आधी बाँडिंगची केबल लागते, म्हणजे गाडी आणि विमान यांच्यात स्थिर विजेचा फरक राहत नाही. नळी त्यानंतर. सुटताना उलट, नळी आधी आणि केबल सगळ्यात शेवटी. ही केबल पायात येते, ट्रॉलीच्या चाकाखाली येते. ती परस्पर उचलून बाजूला करायची नाही. अडचण होत असेल तर ऑपरेटरला हाक मारा.

ऑपरेटरच्या हातात एक हँडल असतं, डेडमॅन म्हणतात त्याला. ते दाबून धरलं तरच इंधन वाहतं, सोडलं की बंद. कुणी ते दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवलेलं दिसलं, तर तुम्ही त्या दिवशीचे सगळ्यात ज्युनिअर असलात तरी सुपरवायझरला लगेच सांगा.

विमानाच्या पंखावरचे व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर पडायची तोंडं) आणि इंधन भरायचं तोंड यांच्याभोवती सुरक्षित वर्तुळ धरतात. किमान ३ मीटरचं, काही ठिकाणी त्याहून मोठं. त्यात मोबाइल वापरायचा नाही, फ्लॅश मारून फोटो काढायचा नाही, ट्रॅक्टर चालू ठेवून उभा करायचा नाही. पंखाच्या टोकाकडचा व्हेंट वर असतो, म्हणून लोक तो विसरतात आणि सावली मिळते म्हणून नेमकी त्याच्याच खाली डॉली (सामानाची चाकांची गाडी) लावतात. बाउझर किंवा डिस्पेन्सरच्या पुढची वाट मोकळी ठेवायची, कारण आग लागली तर त्याला रिव्हर्स न घेता सरळ पुढे निघता आलं पाहिजे. टर्नअराउंड (विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतचा वेळ) पंचवीस मिनिटांवर आलं की हीच जागा सगळ्यात आधी बॅगांच्या ट्रॉल्यांनी भरते. कोणी ओरडलं तरी ती भरू देऊ नका.

प्रवासी आत असताना इंधन भरायलाही परवानगी असते, पण अटींवर. पट्टे सोडलेले हवेत, जिने किंवा एअरोब्रिज लागलेला हवा, दारं आणि त्यांच्या समोरची जमीन मोकळी हवी. ज्या दाराला जिना लावलेला नाही तिथून आणीबाणीत फुगणारी स्लाइड खाली येणार असते. त्या जागी केटरिंगची गाडी किंवा रिकामी डॉली उभी असेल तर माणसं थेट तिच्यावर येऊन पडतील. जवळपास वीज कडकडत असेल तर इंधन भरणं थांबवतात. जून-जुलैत कोकण किनाऱ्याला हे नेहमीचंच, फ्लाइट लेट झाली म्हणून हुज्जत घालू नका.

इंधन सांडलं तर

थांबवा, कळवा, लांब करा. त्याच क्रमाने.

ऑपरेटर डेडमॅन सोडेल. त्याच्या लक्षात आलं नसेल तर तुम्ही इमर्जन्सी बटण दाबा. चुकून दाबलं गेलं तर चौकशी होईल, न दाबल्याबद्दल होते तेवढी मोठी नाही. मग फायर कंट्रोलला फोन. सांडलेल्या जागेत जी गाडी बंद आहे ती सुरू करायची नाही, कारण स्टार्टरची ठिणगीच पुरेशी असते. तिला हात न लावता माणसं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न्या. पाण्याचा पाइप मारून इंधन गटारात ढकलून देण्याचा मोह फार जणांना होतो. गटारातून ते दुसऱ्या बेखाली जातं आणि बंद जागेत वाफ साठते. शोषून घेणारी पावडर किंवा पॅड टाकायचं काम ज्यांचं आहे त्यांनाच करू द्या.

अंगावर उडालं असेल तर कपडे तिथेच खसकन ओढून काढू नका. पॉलिस्टरचा शर्ट डोक्यावरून काढताना होणारा चटचट आवाज आठवा, तीच स्थिर वीज. आधी तिथून बाजूला व्हा, कपडे पाण्याने चिंब करा, मग काढा.

प्रत्यक्ष आग दिसली तर

आधी ओरडा, मग फोन, मग जमत असेल तर अग्निशामक. हा क्रम उलटा करणारे एकटेच आगीशी झुंजत राहतात आणि मागून कुणी येतच नाही.

इंधनाच्या आगीला ड्राय केमिकल पावडर किंवा फोम, विजेच्या आगीला सीओटू, लाकूड-कागद-कापडाला पाणी. विमानाच्या इंजिनाजवळ शक्यतो आधी सीओटू वापरतात, कारण पावडर आत गेली की धातूला खाते आणि इंजिन उघडावं लागतं. पण समोर सीओटू नसेल आणि ज्वाळा वाढत असतील तर इंजिनाची काळजी करत बसू नका. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या मुळाशी रोखा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. वाऱ्याकडे पाठ ठेवा आणि आपल्या मागे मोकळी वाट आहे ना, ते आधी बघा.

उतरलेल्या विमानाच्या चाकांतून धूर येत असेल तर चाकाच्या बाजूने, म्हणजे ॲक्सलच्या रेषेत, कधीही जायचं नाही. तापलेलं रिम फुटलं तर त्याचे तुकडे त्याच दिशेने सुटतात. जायचंच असेल तर पुढून किंवा मागून, आणि तेही फायरच्या माणसांनी. तुमचं काम कॉकपिटला हेडसेटवरून सांगणं आणि चॉक (चाकाचा अडसर) लावायला धावणाऱ्या उत्साही मुलाला मागे खेचणं.

लेबलं वाचायला शिका

घातक मालाचे नऊ वर्ग आहेत. स्फोटकं, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन पदार्थ, ऑक्सिडायझर, विषारी आणि संसर्गजन्य, किरणोत्सारी, क्षरणकारी आणि नववा बाकी सगळं. लिथियम बॅटरी आणि ड्राय आइस याच नवव्यात येतात. प्रत्येकाचं चौकोनी, टोकावर उभं केलेलं लेबल असतं आणि खाली वर्गाचा आकडा. सोबत चार आकडी यूएन नंबर. पेंटचा १२६३, ड्राय आइसचा १८४५. लोडरने हे सगळे पाठ करायची गरज नाही. नारिंगी रंगाचं, फक्त मालवाहू विमानासाठीचं लेबल मात्र झोपेतही ओळखता आलं पाहिजे. ते प्रवासी विमानाच्या पोटात दिसलं की काम तिथेच थांबलं. नुसती सुटी पाठवलेली लिथियम-आयन बॅटरी, यूएन ३४८०, प्रवासी विमानात माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे.

काही वर्ग एकमेकांशेजारी ठेवत नाहीत. हे नवीन लोकांना कागदी सोपस्कार वाटतं. मुंबईकराला तरी वाटू नये. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली तेव्हा त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी होत्या. आग कापसात धुमसली आणि स्फोटकांपर्यंत पोचली. विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. विमानतळावरही त्या आठवड्यात ड्रिल असतं. फोटो काढून निघून जाऊ नका, पाइप हातात घेऊन बघा.

कार्गोत काम असेल तर लोडिंगच्या वेळी खोका फुटलाय का, ओला झालाय का, वर जाणारे बाण वरच आहेत का, हे बघणं तुमच्याकडे येतं. गळणारा डीजी माल चढवायचा नाही. चढवला असेल तर उतरवायचा आणि त्याच्या आसपासचा मालही तपासायचा. मुंबईहून औषधं आणि लसी ड्राय आइसमध्ये जातात. तो न वितळता थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि तो वायू तळाशी साचतो. अशा होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात) दार उघडल्या उघडल्या वाकून आत शिरू नका, हवा खेळू द्या. त्याच होल्डमध्ये जिवंत प्राणी चढवायचे असतील तर आधी विचारा.

न सांगितलेला माल

११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान फ्लोरिडात कोसळलं, ११० जण गेले. होल्डमध्ये मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर होते. कागदावर ते रिकामे म्हणून लिहिले होते, सुरक्षेच्या टोप्या लावलेल्या नव्हत्या, आणि शेजारी टायर होते. त्यानंतर इतकी वर्षं झाली तरी कागदावर "स्पेअर पार्ट्स", "सॅम्पल", "घरगुती सामान" असं मोघम लिहिलेलं दिसलं की अनुभवी माणूस थांबतो. गाडीच्या स्पेअर पार्ट्समध्ये एअरबॅग असू शकते. वापरलेल्या जनरेटरच्या टाकीत पेट्रोल राहिलेलं असतं. घरगुती सामानात टॉयलेट साफ करायचं ॲसिड निघतं.

चेक-इन काउंटरवर असाल तर "काही धोकादायक आहे का?" असं विचारून उपयोग नाही, सगळे नाहीच म्हणतात. कुणीही स्वतःच्या बॅगेला धोकादायक म्हणत नाही. वस्तूंची नावं घ्या. गणपतीला गावी किंवा परदेशी निघालेल्या कुटुंबाला कापूर आणि काडेपेटी विचारा. कापूर ज्वालाग्राही घन पदार्थात मोडतो. सुकं खोबरं विचारा. हे ऐकून काकू हमखास हसतात, पण खोबऱ्याला स्वतःचा यूएन नंबर आहे, १३६३, आणि ते आपोआप तापणाऱ्या पदार्थांच्या ४.२ या गटात येतं, कारण त्यातल्या तेलामुळे मोठा ढीग आतल्या आत तापत जाऊ शकतो. दिवाळीत फुलबाज्या आणि लवंगी, लग्नसराईत स्टेजवरचे कोल्ड फायर, ट्रेकला निघालेल्या पोरांकडे छोटा गॅस सिलिंडर. पाऱ्याचा थर्मामीटरही विचारा. पारा ॲल्युमिनियम खातो आणि विमान बहुतांशी ॲल्युमिनियमचंच असतं.

अत्तर आणि स्प्रे चालतात, पण एक बाटली अर्ध्या लिटरपर्यंत आणि माणशी एकूण दोन लिटर किंवा दोन किलोपर्यंत. दारू २४ ते ७० टक्क्यांमधली असेल तर सीलबंद पाच लिटर, ७० च्या वर अजिबात नाही. हँडबॅगेत द्रवपदार्थांचे आणखी वेगळे निर्बंध असतात, ते सिक्युरिटी बघते.

आंब्याच्या मोसमात कार्गोवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. पेट्यांत कार्बाइडच्या पुड्या निघू शकतात. फळं पिकवायला ते वापरायला देशात बंदी आहे, तरी. कॅल्शियम कार्बाइड ओलं झालं की ॲसिटिलीन वायू सुटतो, म्हणजे वेल्डिंगवाला जाळतो तोच. पेटीला लसणासारखा वास आला आणि आत कागदाच्या पुड्या दिसल्या तर पेटी कोरडी ठेवा, बाजूला करा, डीजीवाल्यांना बोलवा. त्यावर पाणी ओतू नका.

पॉवर बँक

हल्लीचा सगळ्यात मोठा डोकेदुखीचा विषय हाच. नियम सोपा आहे: सुटी बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत नाही, फक्त हँडबॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर नाही. पॉवर बँकेवर एमएएच छापलेलं असतं. त्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. काहीच छापलेलं नसेल तर ती नेता येत नाही.

गेटवर जागा नाही म्हणून हँडबॅगा खाली होल्डमध्ये पाठवतात तेव्हा ही चूक होते. टॅग लावायच्या आधी प्रवाशाला पॉवर बँक, सुटी बॅटरी काढायला सांगा. दार बंद व्हायची घाई असते, मागून तीन जण ओरडत असतात, तरीही. केबिनमध्ये पेटली तर निदान कुणाला दिसतं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी पेटलं. आग डोक्यावरच्या बॅगांच्या कप्प्यातून सुरू झाली आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. विमान जमिनीवर होतं, सगळे बाहेर पडले.

बेल्टवर किंवा डॉलीत एखादी बॅग धुमसताना दिसली तर ती उघडू नका. ती विमानात चढवू नका, माणसांना दूर करा, फायरला बोलवा. लिथियम बॅटरी विझल्यासारखी दिसली तरी पुन्हा भडकते. तिला थंड करावं लागतं, भरपूर पाण्याने.

टर्मिनलमधले दुकानदार आणि कंत्राटदार

तुम्हाला वाटत असेल की हे सगळं रॅम्पवाल्यांचं. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळाच्या टर्मिनलमध्ये १७ माणसं गेली, तिथे विमानाचा काही संबंध नव्हता. वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं, ठिणग्या खाली छताच्या पोकळीतल्या फोमच्या इन्सुलेशनवर पडल्या, आणि धूर पसरला. काही जण लिफ्टमध्येच सापडले.

म्हणून कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडर, काहीही करायचं असेल तर फायर विभागाकडून हॉट वर्क परमिट घ्या. काम संपल्यावरही निदान अर्धा तास एक माणूस तिथे बसवा. तो चहाला गेला तर परमिटला अर्थ नाही. दुकानात थिनर, स्प्रे पेंट, जास्तीचा सॅनिटायझर साठवायच्या आधी किती चालतं ते विचारा. स्टॉकची खोकी फायर एक्झिटच्या दाराशी रचायची नाहीत, आणि स्प्रिंकलरच्या तोंडापर्यंत रॅक चढवायचं नाही.

कळवायचं कसं

शिफ्ट संपली की घरी जायची घाई असते, त्यामुळे रिपोर्ट दुसऱ्या दिवसावर जातो आणि दुसऱ्या दिवशी बॅग टॅग नंबर कुणालाच आठवत नाही. घटना घडली की तिथल्या तिथे वेळ, बे नंबर, फ्लाइट नंबर, बॅग टॅग किंवा एअर वेबिल (मालाच्या वाहतुकीची पावती) नंबर, यूएन नंबर दिसत असेल तर तो, आणि कुणाला कळवलं ते नाव, एवढं लिहून घ्या. फोटो काढायला परवानगी असेल तर लेबलचा काढा, इंधनाच्या वर्तुळाबाहेर येऊन. न सांगितलेला घातक माल सापडला तर तो विमानात चढला नसला तरी डीजीसीएला कळवावाच लागतो. ते काम कंपनीचं, पण सुरुवात तुमच्या चिठ्ठीपासून होते.

आणि डीजीचं ट्रेनिंग दर २४ महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. सर्टिफिकेटची तारीख एचआरच्या भरवशावर सोडू नका. ती उलटून गेल्यावर तुम्ही सही केलेला प्रत्येक कागद ऑडिटमध्ये पहिल्यांदा बाहेर काढला जातो.